फोनवर सांगण्यासारखं नाही

सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये मला माणसांशी कसं बोलायचं ते शिकवलं गेलं. नवरा म्हणाला, तुला बोलायला शिकवतात म्हणजे कमालच झाली. पण ते शिक्षण बोलण्याचं नव्हतंच, न बोलण्याचं होतं. नातेवाइकाला फोन करायचा, आवाज आनंदी ठेवायचा आणि मुद्द्याचं काही सांगायचं नाही. कंपनीचा साबण, पावडर, साखळीतले मेंबर असला एक शब्द जरी तोंडातून गेला तरी गिऱ्हाईक गेलंच समजा. म्हणायचं एवढंच, की चांगली गोष्ट आहे, फोनवर सांगण्यासारखी नाही, आमच्या सरांना घेऊन घरीच येते.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. दिवसभर शेंबडी नाकं पुसायची आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायच्या. त्या हॉलमध्ये मात्र मला मॅडम म्हणायचे, स्टेजवर बोलवून टाळ्या वाजवायचे. मला टाळ्यांची चटक लागली, दुसरं काही कारण नाही. त्यापायी चुलते, मावश्या, सासरची माणसं एकेक करून संपवली. 'बघू की' म्हणत सगळे हसायचे. आमच्याकडं 'बघू की' म्हणजे नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मला या साखळीत आणणारे सर म्हणायचे, ते हो धरायचं. हळूहळू माझा नंबर दिसला की फोन उचलणं बंद झालं. उरली फक्त कुंभारी गावातली आत्या.

आत्या विधवा. तिची एकच मुलगी, माझी आतेबहीण, शिवणकाम करायची. तिशी उलटून गेली तरी तिचं लग्न जमत नव्हतं. बघायला येणारे पोहे खाऊन जायचे आणि आठ दिवसांनी नाही कळवायचे. आत्याला जगात दुसरा विषयच उरला नव्हता. मी फोन केला.

"आत्या, रविवारी येतेय. चांगली गोष्ट आहे, फोनवर सांगण्यासारखी नाही."

"कुनासाटी गं?"

"तुम्हा दोघींसाठीच. तिचं तर आयुष्यच बदलून जाईल."

आत्या बारीक आवाजात म्हणाली, "कोन कोन येनार हायत?"

"मी आणि आमचे सर. मोठा माणूस आहे, स्वतःच्या गाडीनं येतात."

"शाकाहारी हायत का?"

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. पुढं मी स्वतःलाच सांगत राहिले की आत्याचा गैरसमज झाला. तो झाला नव्हता, मी तो होऊ दिला. "आत्याबाई, तसलं काही नाही, साबण विकायचाय," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण माझी महिन्याची एक मीटिंग कमी पडत होती. "आत्ताच कुणाला बोलू नको," मी म्हटलं. तेही तिला पटलं. ठरेपर्यंत वाच्यता करायची नाही, हा तर लग्नाचाच नियम. स्थळ आणि स्कीम, दोन्हीची भाषा एकच असते.

रविवारी गेलो तर अंगण सारवलेलं. शेजारणीच्या घरातल्या दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि शेजारीण आपल्या दारातून गाडीकडं टक लावून बघत उभी. सर खूष झाले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना वाटलं हा आपलाच मान.

"गाव कुटलं तुमचं?" आत्यानं विचारलं. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट धरला होता.

सरांनी गाव सांगितलं. घर बांधलं, गाडी घेतली, आईवडिलांना यात्रा घडवली, सगळं सांगितलं. मग कोटाचं बटण सोडत म्हणाले, "मावशी, आम्ही कुणालाही घेत नाही. माणूस बघून घेतो."

"बघा की. नीट बघून घ्या," आत्या म्हणाली आणि आत हाक मारली.

आतेबहीण पोहे घेऊन आली. हिरवी साडी, केसांत गजरा. ती खाली बसली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. सरांनी पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले, हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल, त्याखाली दोन गोल, त्यांच्याखाली चार. आत्या गोलांकडं बघू लागली. तिला वाटलं असावं, ही त्यांच्या घराची वंशावळ.

आधी कळलं ते मुलीला. तिनं मान वर केली आणि सरळ विचारलं, "सर, तुमच्या मिसेसबी ह्यातच हायत का?"

"अर्थात! आम्ही दोघं मिळून करतो."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं बघितलं. तेव्हा तरी उठायला हवं होतं, पण मी सरांना फॉर्म काढून दिला. आतेबहीण म्हणाली, "आई, घेऊ की. शेजारनी बघत्यात, लवकर उरकू दे." तिनं उभ्याउभ्याच फॉर्म भरला. 'अविवाहित'वर तिनं खूण केली तेव्हा सर म्हणाले, "काळजी नको मॅडम, लग्न झालं की नाव बदलून मिळतं."

गाडीपाशी शेजारीण आली. "जमलं का?" तिनं हळूच मला विचारलं. मी म्हटलं, "कळवतो म्हणालेत."

आठ दिवसांनी आत्यानं गल्लीत सांगून टाकलं, की मुलाकडनं नकार आला. पावडरवाल्यासाठी पोरगी सजवून बसवली, यापेक्षा नकार बरा. शेजारणीला ते पुरेना. तिनं मलाच फोन केला. "नकार कशापायी गं? पोरगी तर गुनाची हाय." मला ती शेजारीण मेंबर म्हणून हवी होती. तिला खरं सांगितलं असतं तर ती कुठली आली असती? म्हटलं, "वय जास्त वाटलं त्यांना." आणि लगेच तिची रविवारची वेळ मागून घेतली.

रविवारी ती घरी सापडलीच नाही, मेंबर होणं तर लांबच. पण माझं वाक्य गल्लीतून गावात आणि गावातून पाहुण्यांत गेलं. पुढं जो कोण मध्यस्थ यायचा तो आधीच म्हणायचा, वयामुळं मोडलंय म्हणे, घरच्याच माणसानं सांगितलंय. वर्षभर तगमग करून आत्यानं शेवटी एका बिजवराला होकार दिला. त्याला पहिल्या बायकोची दोन मुलं होती, आणि मोठा मुलगा कॉलेजात.

लग्न अक्कलकोटला, एका लहानशा कार्यालयात झालं. तोवर मी धंदा सोडला होता, म्हणजे धंद्यानंच मला सोडलं होतं. अक्षता पडल्यावर मी नवरीला भेटायला गेले. ती हसली, मला जवळ ओढलं. मला वाटलं, रडणार.

"आक्का," ती कानाशी म्हणाली, "आजपत्तुर मला लई जनांनी नकार दिला. ती परकी मानसं हुती. त्या दिशी तर नकार द्यायला कुनी आलंच नव्हतं. तो तू दिलास."

मी म्हटलं, "जाऊ दे गं, आता झालं ना सगळं चांगलं." तिनं माझा हात सोडला आणि पुढच्या बाईला नमस्कार केला. मी पंगतीत जाऊन बसले. जिलेबी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.