आषाढातली फायरची परीक्षा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला ढेब्यांची वाडी आहे. तिथला चंदू ढेबे सत्त्याण्णव साली म्हशींची शेपटी सोडून महाडात फायरचा कोर्स करू लागला. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीनं त्याला सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट आण आणि एक तारखेपासून फायरमन म्हणून ये. चंदूची आई सोनाबाई हिनं तर पोरगं नोकरीला लागलं म्हणून वाडीभर सांगूनही टाकलं होतं. आता नापास व्हायची सोयच उरली नव्हती.

इन्स्टिट्यूट बाजारपेठेत, शिंप्याच्या दुकानावर. संचालक, प्राचार्य आणि शिपाई असे तिन्ही शेडगे सरच. आग विझवायचा लाल सिलिंडर संस्थेत एकच. दसऱ्याला त्याला हार घालायचा, एरवी हात लावायचा नाही. "पावडर संपली तर शिकाल कशावर?" असा सरांचा बिनतोड सवाल. पोरं वर्षभर पिन ओढल्याचा नुसता अभिनय करून शिकली.

प्रात्यक्षिक परीक्षा ठरली एप्रिलात, पण मुंबईचे परीक्षक उगवले ऐन आषाढात. सावित्री नदी तुडुंब, महाडात भिंतींनाही घाम फुटलेला. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी लाकडं रचली आणि त्यावर टोपणभर रॉकेल शिंपडलं. रॉकेल जळून गेलं, लाकडं होती तशीच राहिली. काड्यांची पेटी संपली. आग विझवायला अख्खा वर्ग सज्ज, आणि आगच नाही!

"आगीशिवाय परीक्षा कसली?" परीक्षक कुडकुडत म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

चंदू धावत शेजारच्या चहावाल्या अंबूबाईकडे गेला, शेण्या आणि घमेलंभर निखारे घेऊन आला, लाकडं फोडून आतलं कोरडं वर काढलं आणि उकिडवा बसून फुंकू लागला. पावसात चूल पेटवायला डोंगरातल्या पोराला कोर्स लागत नाही. बघता बघता आग अशी रसरसली, की परीक्षकांच्या चेहऱ्यावर महाडात उतरल्यापासूनचं पहिलं हसू आलं.

तिथंच घात झाला. परीक्षक पालथ्या बादलीवर बसले आणि मोजे काठीवर वाळत घातले. सर पाठ शेकू लागले. अंबूबाई किटली घेऊन आली. "शेण्या माझ्या, मंग चा पण माझाच उकळंल!"

चंदू सिलिंडर घेऊन उभा. "विझवू, साहेब?"

"थांब रे. पाय तरी शेकू दे."

"आता विझवू?"

"मेल्या," अंबूबाई कडाडली, "एवढा सोन्यासारखा इस्तव इझवतोस? आयशीनं काय शिकवलं नाय का तुला?"

आयशीनं नेमकं तेच शिकवलं होतं. वाडीत आषाढाचा निखारा राखेत पुरून तान्ह्या पोरासारखा जपतात. चंदूचा हात अडखळला. तोवर ज्वाळा बसू लागल्या.

"साहेब, ती आपली आपण इझतेय! मंग माझं कसं हुयाचं?"

त्यानं पिन ओढली आणि दांडा दाबला.

इतक्या वर्षांचा तुंबलेला सिलिंडर एका दमात ओकला. पांढरा लोट खाली बसला तेव्हा आग ठार विझली होती. चहाचं पिठलं झालं होतं आणि परीक्षक अंगाला भस्म फासलेल्या बैराग्यासारखे बादलीवर ध्यानस्थ होते.

"पास!" ते खोकत म्हणाले. "पुढचा कोण?"

"अरे, सगळाच रिकामा केलास?" सर सिलिंडर छातीशी धरून कळवळले.

पुढचा होता सुशांत. त्याच्याकडे आग नव्हती, सिलिंडरही नव्हता. सगळ्यांनी चंदूकडे पाहिलं.

"माझी परीक्षा झाली," चंदू म्हणाला आणि पोलादपूरची एसटी धरायला पळाला.

निकाल लागला. हवामान लक्षात घेऊन बाकी सगळे फर्स्ट क्लास. चंदूला सेकंड क्लास, आणि खाली शेरा: 'आग विझवली, परंतु साधनांची उधळपट्टी केली.'

एक तारखेला चंदू रुजू झाला. कंपनीच्या साहेबानं शेरा दोनदा वाचला आणि त्याला मागच्या गेटवर नेमलं. तिथं एकही सिलिंडर टांगलेला नव्हता.