माणूस वजा – दुपारी सव्वातीन

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला या सदरावर येणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. ते माझ्या तोंडावर सांगणारे चार-पाच जण इथेच आहेत, त्यामुळे लपवत नाही. अंगात येणं, नजर लागणं, करणी… याच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली, झेरॉक्स काढून पाड्यापाड्यात वाटली. तलासरीच्या बाजूला एक भगत लोकांना 'घर माणसं खातंय' सांगून घाबरवायचा. त्याला भर बाजारात प्रश्न विचारून पळवणाऱ्यांत मी पुढे होते. आजही तो दिसला तर तेच प्रश्न विचारीन. एवढं मनात ठेवून पुढचं वाचा.

मी आशागडची. २०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले ते तुम्हाला आठवत असतील. नसतील आठवत तर तोही एक मुद्दाच आहे — कारण मुंबईला झुंबर हललं की बातमी होते, आणि इथे माणसं महिनोन् महिने ताडपत्रीखाली झोपली त्याची दोन दिवसांत शिळी बातमी झाली. वरून उपदेश एकच, 'घाबरू नका, अफवा पसरवू नका.' मी पत्रक काढलं, 'घाबरू नका म्हणणाऱ्यांनो, एक रात्र आमच्या भिंतीशेजारी झोपायला या.' कोणी आलं नाही.

मग आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवलं, तडा गेलेल्या प्रत्येक घराची नोंद आपणच करायची. माझा कॉलेजचा मित्र निखिल पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने फुकटात एक साधं ॲप बनवून दिलं. घर क्रमांक, मालकाचं नाव, तड्यांचे फोटो आणि घरात माणसं किती. माणसांच्या आकड्याशेजारी एक अधिकचं आणि एक वजाचं बटण. प्रत्येक पाड्यात एक कार्यकर्ता, त्याच्या फोनवर हे ॲप. पंचनाम्याच्या वेळी हीच यादी पुढे ठेवायची, म्हणजे दुरुस्तीच्या मदतीतून कोणाचं घर सुटणार नाही.

पण फॉर्म अर्धवट यायला लागले. लोक कुठे अडतात ते कळेना. निखिल म्हणाला, "ट्रॅकिंग टाकू. कोणी कधी ॲप उघडलं, कुठलं बटण दाबलं, कुठे थांबलं, सगळं आपल्याला दिसेल. सेव्ह न करता मागे फिरले तरी दिसेल."

मी हो म्हटलं. कार्यकर्त्यांना सांगितलं नाही. रेशनला अंगठा मागतात म्हणून 'आमच्यावर पाळत कशाला?' असं पत्रक लिहिणारी मी, आणि माझ्याच माणसांच्या बोटांवर मी पाळत बसवली. याला दुसरा शब्द नाही.

निखिलने नोंदींची नावं मराठीत ठेवली होती, मला वाचता यावीत म्हणून. 'घर उघडले.' 'फोटो जोडला.' 'माणूस अधिक.' 'माणूस वजा.' 'मागे.'

होळीच्या आधीचे दिवस होते. एका दुपारी मी लॅपटॉपवर नोंदी बघत होते. लक्ष्मीच्या फोनवरून सव्वातीनला आलेली एक रांग दिसली. लक्ष्मी म्हणजे तलासरीकडच्या एका पाड्यातली आमची कार्यकर्ती. पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. रांग अशी होती — घर सतरा उघडले. माणूस वजा, माणूस वजा, माणूस वजा, माणूस वजा. मग एक्केचाळीस सेकंद काहीच नाही. मग पुन्हा एकदा माणूस वजा. मग मागे.

घर सतरा म्हणजे जान्याकाकांचं. घरात पाच माणसं होती. पाचाचं कोणीतरी शून्य केलं होतं आणि सेव्ह न करता मागे फिरलं होतं.

चुकून हात लागला असेल, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला तेच. चार वजा, एक्केचाळीस सेकंद, पाचवं वजा, मागे. तिसऱ्या दिवशी तेच…

लक्ष्मीला फोन लावला. सरळ विचारता येईना, कारण विचारलं तर पाळत उघडी पडणार. म्हटलं, "जान्याकाकांकडे काय झालंय का गं?"

"काय होणार? सकाळीच काकी भांडून गेली माझ्याशी हंड्यावरून. बरे हायेत सगळे."

"ॲप उघडलंस का आज?"

"आज? फोनच घरी ठेवून लाकडांना गेलते. का गं?"

निखिलला सांगितलं. त्याने तासाभरात उत्तर दिलं, "डुप्लिकेट आहे. प्रत्येक नोंदीला ॲप एक लांबलचक क्रमांक देतं, तो पुन्हा कधी येत नाही. तुझ्या या नोंदींचे क्रमांक रोज तेच आहेत. म्हणजे एकच जुनी रांग फोन परत परत पाठवतोय."

"मग जुनी कधीची?"

"तेच शोधतोय. नोंदीत दोन वेळा असतात. फोनवर कधी घडलं आणि आपल्याकडे कधी पोचलं. यात पोचल्याची वेळ आहे. घडल्याची जागा रिकामी आहे. डुप्लिकेट आहे मंजू… पण मूळ सापडत नाही."

पण मी पत्रकवाली बाई. म्हटलं, तपासू. अपडेट करायचंय असं खोटं सांगून लक्ष्मीचा फोन आशागडला आणला. टेबलावर ठेवला, स्क्रीन बंद, कोणी हात लावायचा नाही. शेजारी लॅपटॉप. आई अंगणात चिकू निवडत बसली होती, ती पाणी प्यायला आत आली आणि म्हणाली, "काय बघतेस मघापासून? अंडं घालणार आहे का तो फोन?"

मी हसले. तीन पंधरा झाले. फोन काळाच. आणि लॅपटॉपवर एकेक ओळ उतरायला लागली. घर सतरा उघडले. वजा, वजा, वजा, वजा. मी मोठ्याने सेकंद मोजत होते. आई पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. एक्केचाळीसला पाचवं वजा आलं. मग मागे.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण आता प्रश्न सॉफ्टवेअरचा राहिला नव्हता. सांगायचं की नाही, हा होता. सांगितलं तर मी त्या भगतापेक्षा वेगळी कुठे? आणि नाही सांगितलं, आणि भिंत अंगावर आली, तर?

दोन दिवस काढले. रोज सव्वातीनला तीच रांग. मग उठले, जीपने तलासरी, तिथून पाड्यात. लक्ष्मीचा फोन परत करायच्या निमित्ताने तिलाही सोबत घेतलं. जान्याकाका ओट्यावर जाळं विणत होते. आत त्यांचे वडील, बाबूआजा, खाटेवर. आजाला चालता येत नाही, आणि त्याला तंबूत न्यायचं नाव काढलं की शिव्या देतो, म्हणून हे घर सगळा पाडा बाहेर झोपत असतानाही आतच झोपायचं. मागच्या भिंतीला तडा. त्यात माझी करंगळी जात होती.

"काका, थोडे दिवस घर सोडा."

"का? त्या भूकंप मोजायच्या यंत्रवाल्यांनी काय सांगला?"

"नाही. लक्ष्मीच्या फोनवर… तुमच्या घरात माणसं शून्य दाखवतंय."

काका हातातलं जाळं सोडून माझ्याकडे बघायला लागले. आतून देवलीकाकी बाहेर आली. "ऐकला काय? भगताला हाकललान हिनं, आन आता हिच्याच अंगात आला! त्याला कोंबडा तरी लागायचा. तुला काय लागल, पोरी? रिचार्ज?"

पाड्यातल्या दोन बाया हसल्या. मी पण हसायला हवं होतं. नाही जमलं. बहुतेक माझा चेहरा बघूनच काकीचं हसू थांबलं.

लक्ष्मी मात्र हसली नव्हती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "शून्य कुठं दिसला तुला? माझ्या फोनमधला तुला आशागडला दिसतो?"

"हो."

"मी कवा काय दाबतंय, ता पण?"

"हो."

"पाळत कशाला, ता पत्रक मी वाटलंवतं. घरोघर. लोकांना वाचून दाखवलंवतं." एवढंच बोलली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या सांगण्याचा परिणाम झाला. काका, काकी, मुलगा आणि सून अशी चौघं दुसऱ्याच दिवशी तलासरीजवळ काकीच्या भावाकडे गेली. आजा हलेना. "मी गेलू तर घरात कोण?" म्हणायचा. दोन दिवस लक्ष्मीने त्याला भाकर नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा रिक्षा घेऊन आला आणि आजाला उचलून घेऊन गेला. दाराला कुलूप.

आणि त्याच दुपारी, ज्यांची आम्ही कित्येक आठवडे वाट बघत होतो, ते पंचनाम्याचे लोक आले.

लक्ष्मीचा निरोप आला तशी मी धावत-पळत पोचले. तिघं होते, हातात कागद. घर सतराला आले, कुलूप बघितलं, आणि पुढे निघाले. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, तडा बाहेरून दिसतोय, बघा! फोटो आहेत, बघा! त्यातला एक थकलेला माणूस म्हणाला, "मॅडम, बंद घर आम्ही राहतं घर म्हणून लिहू शकत नाही. माणसं कुठायत?" मी ओरडले, वाद घातला, वर तक्रार करीन म्हणाले. त्याने कागदावर लिहिलं, 'घर बंद. राहणारे – शून्य.' ते गेले.

लक्ष्मी कुलपासमोर पायरीवर बसली. तिने फोन काढला. आमची यादी खरी ठेवायची ही तिची सवय, मीच लावलेली. घर सतरा उघडलं. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. तिच्या अंगठ्याने वजाचं बटण दाबलं. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. आकडा एकवर आला, आणि ती थांबली.

मी मनातल्या मनात सेकंद मोजत राहिले, एवढंच झालं माझ्याकडून. ती दाराकडे बघत होती. खूप वेळाने तिने पाचव्यांदा बटण दाबलं. शून्य. मग मान हलवली आणि सेव्ह न करता मागे फिरली.

"सेव्ह का नाही केलंस?" मी विचारलं.

"केला तर खरा होल ना ता." ती म्हणाली. "आन आजाचा एक कमी करायला हातच होयना."

किती वाजलेत हे मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

त्या दुपारी पाड्यात नेट बंद होतं. आम्ही हमरस्त्यावर आलो तेव्हा तिच्या फोनवरून नोंदी गेल्या असणार. संध्याकाळी निखिलचा फोन आला. आवाज अगदी सपाट. "मंजू, मूळ सापडलं. तेच क्रमांक. एक्केचाळीस सेकंद. घडल्याची वेळ भरलेली आहे." मी म्हटलं, सांगू नकोस. त्याने सांगितलं. सव्वातीन. आजचे.

त्यानंतर ती रांग एकदाही आली नाही. ट्रॅकिंग आम्ही काढून टाकलं. सगळ्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवून मी माफी मागितली, ती मागायलाच हवी होती. निखिलने कोड त्याच्या वरिष्ठांनाही दाखवला. फोनचं घड्याळ, सर्व्हर, कोणी खोडसाळपणा केला का, सगळं बघून झालं. तेव्हा कृपा करून खाली 'बग असेल' एवढंच लिहून जाऊ नका.

मला भीती त्या नोंदीची वाटत नाही, तिचा अर्थ मी लावला याची वाटते. पाचाचं शून्य म्हणजे माणसं मरणार, असं तिच्यात कुठेच लिहिलं नव्हतं. ते मी वाचलं. मी वाचलं नसतं तर ती माणसं घर सोडून गेली नसती, कुलूप लागलं नसतं, लक्ष्मीने ते बटण दाबलंच नसतं… मग ती नोंद आली कुठून? इथे माझं डोकं थांबतं.

काकांचं नाव दुरुस्तीच्या यादीतून गेलं. मी अर्जांवर अर्ज करतेय. अर्जात 'घर सोडण्याचे कारण' अशी ओळ असते, तिथे मी 'भूकंपाची भीती' लिहिते. गेल्या आठवड्यात अर्जावर काकांचा अंगठा घ्यायला तलासरीला गेले होते. काका कामाला गेले होते. आजा काकीच्या भावाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्याला आता नीट दिसत नाही, मी हाक मारली तसं आवाजावरून ओळखलं.

"पोरी, घर पडला काय?"

"नाही, आजा. उभं आहे."

"भिंत?"

"तीही उभी आहे. तडा थोडा वाढलाय."

तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "मंग?"

मी अर्ज तिथेच ठेवून आले.