माझं पत्रक तिच्या कॉपी केसमध्ये

अन्याय झाला तो जत तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या मुलीवर. यंदाच्या उन्हाळी परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. साताऱ्यातल्या विद्यापीठात, आमच्या विभागाच्या हॉलमध्ये भरारी पथक शिरलं आणि भूगोलाची तिची उत्तरपत्रिका ओढून घेतली. कारण काय, तर तिचा डावा हात बाकाखाली हलत होता.

ती जन्मापासून बहिरी आहे. सांगलीच्या बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत ती हातांनी बोलायला शिकली. पाठ केलेलं आठवताना आपण ओठांत पुटपुटतो, ती बोटं हलवते. एवढंच. पथकाचं म्हणणं, ती मागच्या मुलीला खुणा करत होती.

चौकशी शुक्रवारी. दुभाषी म्हणून मला बोलावलं, कारण विद्यापीठात खुणांची भाषा रुजवा म्हणून पत्रकं वाटत मीच फिरत होते. खरं सांगते, मला ती भाषा यायची व्हिडिओ बघून आणि कॅन्टीनमध्ये तिच्याशी गप्पा मारून. चहा, पेपर, अमका सर खडूस आहे, इतपत. कुणाचं वर्ष वाचवण्याइतकी नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाहेर बाकावर ती बसली होती, शेजारी पहाटेच्या एसटीनं आलेले तिचे वडील.

"ताई, कॉपी केली का वं हिनं?"

"नाही काका."

"मंग तुमी का थरथरताय? आवं, मालक भ्यालाय हे मेंढराला पयलं कळतंय. पोरीला कळायचं न्हाई व्हय?"

मी हात ओढणीला पुसले. परत घाम. आवाज कापला तर खाकरून सावरता येतो. खुणा करणाऱ्याचे हात कापले की शब्दच मोडतात, आणि चेहरा तर लपवताच येत नाही, कारण निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं दिसत होतं.

आत चौकशी समितीचे तिघं. अध्यक्ष मॅडमनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. माझं पत्रक. तिच्या बॅगेत सापडलेलं. त्यावर बोटांची मुळाक्षरं, आणि वर ठळक अक्षरात माझी ओळ: ‘वर्गात बिनधास्त बोला, सरांना पत्ताही लागणार नाही!’ याच ओळीमुळे पत्रकं वाटायच्या आमच्या टेबलाशी पोरांची गर्दी व्हायची. मला त्या ओळीचा लय अभिमान होता.

"हे कॉपीचं शिक्षण नाही तर काय?" एक सर म्हणाले. "छापलं कुणी?"

तिनं माझी बाही ओढून खुणेनं विचारलं, काय म्हणतायत?

मी खूण केली: काही नाही, नंतर सांगते.

घरात, कॉलेजात, एसटीत, जन्मभर तिला सगळ्यांनी हेच सांगितलंय. बहिऱ्या माणसाला असं टाळू नका, हे त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला मीच छापलं होतं. तिनं माझी बाही सोडली. ओरडली असती तर चाललं असतं. तो हात निघाला तेव्हा मी जितकी भ्याले, तितकी त्या तिघांना भ्याले नव्हते.

"मी छापलं," मी म्हणाले. "ओळ माझी. तिचा संबंध नाही." मग तेच तिला सांगितलं, मोडक्या खुणांनी, काही न गाळता. आणि समितीला सांगितलं, "मला ही भाषा पुरती येत नाही. माझ्या भरवशावर हिचं वर्ष ठरवू नका."

"दुभाषी मिळेपर्यंत निकाल राखून ठेवावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "तिला विचारा, चालेल का?"

मी विचारलं. तिनं माझ्यामार्फत उत्तर दिलंच नाही. मॅडमच्या पुढ्यातला कोरा कागद ओढला आणि लिहिलं: थांबते. शिकलेला दुभाषी द्या.

बाकीच्यांचे निकाल लागले. तिचा अजून राखीव. पुढच्या प्रवेशाची मुदत जवळ येतेय. मोबाइल वाजला की उचलायच्या आधी मी स्वतःला विचारते: खरं बोलून मीच तिचं वर्ष घालवलं का?

तुम्ही पर्यवेक्षक असाल, तर उत्तरपत्रिका ओढण्याआधी कागदावर लिहून विचारा, हात का हलतोय. नसाल, तर उद्या जवळच्या कॉलेजात जा. शिकलेला, पगारी दुभाषी नेमलाय का, असं विचारणारा अर्ज द्या. आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.