भाजीचं पाणी

तेजल भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पिंपळगावला महामार्ग ओलांडताना ती अजून धाकट्या बहिणीचा हात धरायची. रिक्षावाल्यानं भलत्याच वळणावर नेलं तरी गप्प बसायची. आहारशास्त्र तरी का घेतलं, तर त्यात सुई नाही आणि रक्त नाही, अशी तिची समजूत.

पदविका संपत आली आणि इंटर्नशिप समोर उभी राहिली. जागा दोन होत्या. एक कॉलेज रोडवरचं वजन कमी करायचं क्लिनिक: एसी, हसऱ्या बायका, काकडी आणि ताक. दुसरी पंचवटीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात, नव्यानंच सुरू झालेल्या डायलिसिसच्या वॉर्डात. सोमवारपर्यंत कॉलेजात फॉर्म द्यायचा होता. रुग्णालयाची अट अशी, की आधी आठवडाभर काम बघून जा. तेजल गेली ती नाही म्हणायला कारण मिळावं म्हणून.

"क्लिनिकमध्ये कुणी मरत नाही," ती आईला म्हणाली. आईलाही ते पटलं.

तिला काम एकच मिळालं. किडन्या थकल्या की भाज्यांमधलं पोटॅशियम रक्तात साचतं, आणि फार साचलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून या रुग्णांची भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. ते फेकलं जातंय ना, एवढं बघून तक्त्यावर खूण करायची.

स्वयंपाकघर सुमनबाईंचं. साठीच्या, पदर खोचलेल्या, कुणाचं न ऐकणाऱ्या.

"मावशी, पाणी फेकायचं हं," तेजल पहिल्या दिवशी म्हणाली.

"व्हय व्हय."

ओट्याखाली त्या पाण्याचं पातेलं झाकून ठेवलेलं तिला दिसलं. विचारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सुमनबाईंनी वर पाहिलं. तेजलनं तोंड मिटलं आणि खूण केली. पुढचे तीन दिवसही तशीच केली.

शुक्रवारी सकाळी सहादूबाबांना हातपाय उचलेनात. पंचवटीच्या बाजारात भाजी विकत म्हातारा झालेला माणूस, आठवडाभर वॉर्डात होता. रक्ताचा रिपोर्ट आला, पोटॅशियम सहा पूर्णांक आठ; पाचाच्या आसपास असायला हवं ते. डॉक्टरांनी तातडीनं डायलिसिसचं मशीन लावायला सांगितलं आणि सोबत असलेल्या सुनेला विचारलं, "यांनी काय खाल्लं?"

"इथलंच, साहेब. बाहेरचा घास दिला नाही. इथली आमटी त्यांना लय आवडती, दोन-दोन वाट्या पितात."

तेजलला ओट्याखालचं पातेलं आठवलं. ती स्वयंपाकघराकडे धावली. सुमनबाई ओट्याखालचं पातेलं डाळीत ओतत होत्या.

"मावशी, हे पाणी..."

"सारं सत्त्व ह्याच्यातच उतरतं, पोरी. फेकायचं कसं? माणसं निस्ती वाळून चालली हायेत."

पुरणाचा कट कुणी मोरीत ओततं का? आमटीच करतात. सुमनबाईंनी तेच केलं होतं, मायेनं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? पातेलं दिसत असून खुणा करणारी पोर शिकलेली होती.

"आत्ताच कळलं" असं सांगून सुटता आलं असतं. मनात ते आलंही. पण तेजल डॉक्टरांपुढे उभी राहिली तेव्हा तोंडातून खरं तेच निघालं.

"मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. विचारायला घाबरले."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिचा तक्ता मागून घेतला आणि तिच्या खुणांवर एकेक रेघ ओढली. आमटी बंद झाली. दुपारी बाबांनी डोळे उघडून सुनेला हाक मारली, तेव्हा तेजल जिन्यात बसून रडली. संध्याकाळी कॉलेजात जाऊन तिनं क्लिनिकचं नाव लिहिलेला फॉर्म देऊन टाकला.

शनिवारी ती ॲप्रन परत करायला आली. सुमनबाई मोरीपाशी पातेलं धरून उभ्या होत्या. पाणी निवून गेलं होतं.

"माझ्या हातानं म्हातारा गेला असता," त्या म्हणाल्या. "डोक्याला कळलंय गं. हाताला नाय कळत. चाळीस वर्सं ह्या हातानं पानी राखलंय. तू हितं उभी राहा. तू गेली तर हा परत मागं येईल, मला म्हाईत हाय."

तेजल ॲप्रन हातात घेऊन तिथेच उभी राहिली. सुमनबाईंनी मान फिरवून पातेलं उपडं केलं.

मग तेजलनं तिथूनच कॉलेजात फोन लावला. फॉर्म बदलायचा आहे, म्हणाली.

"कारण काय लिहू?" क्लार्कनं विचारलं.

"भीती वाटते."

"अहो, मग क्लिनिकच बरं की."

"नाही," तेजल म्हणाली. "मी तिथे असले आणि इथे कुणी बघत नसलं, तर भीती जास्त वाटेल."