कोमलच्या फाइलमधलं एक पान

मंडळी, आज स्वतःचीच किळस आली.

आमच्या कॉलेजात बारावीच्या पोरांना मी पदवीचं समाजशास्त्र शिकवते, त्याचे क्रेडिटही त्यांना पुढं पदवीला धरतात. त्यासाठी आपापल्या गावाची पाहणी करून लिहायचं.

बहुतेकांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार फायली आणल्या. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातली कोमल मात्र घरोघर फिरली. तिनं लिहिलं, 'गावात स्मशानं दोन आहेत. आमच्या वस्तीच्या स्मशानाला शेड नाही.'

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, हे पान काढा. उगं लफडं नको."

विकतच्या फायली तशाच पास!

कोमलनं विचारलं, "मॅडम, यात खोटं काय हाय?"

"काहीच नाही गं," मी म्हणाले आणि तिच्यासमोर पान फाडलं.

सांगा, उद्या तिला समाजशास्त्र कोणत्या तोंडानं शिकवू?