बिबट्याच्या नावावर

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. रेणूच्या बाबांनाही नाही — आणि त्यांना तर मी कढीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. गेल्या रविवारी नातीच्या वाढदिवसाला जे झालं, त्यानंतर हे पोटात राहीना. तुमची माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण कसलं काय! दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठून मेथी निवडत बसले.

आधी मी कोण ते सांगते. मी नर्स होते. नोकरीची पहिली सहा वर्षं गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीला काढली. रेणूचे बाबा चंद्रपूरला एका ऑफिसात होते, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकी दिवस दवाखान्याच्या आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मी, माझी लेक रेणू — आणि बिस्कुट.

बिस्कुट म्हणजे कुत्रा. रेणू चार वर्षांची असताना तो पावसात भिजत आमच्या पायरीवर आला आणि तिच्या हातातलं बिस्कीट खाऊन तिथेच राहिला. तपकिरी रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. दिसायला अगदीच यथातथा. पण माझी ड्यूटी लांबली की रेणू त्याच्याजवळ बसून पाढे म्हणायची, त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. मी घरी आले की दोघं एकदमच मान वर करायचे. खरं सांगू? मला कधी कधी त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. लेकीचं दुखलंखुपलं मला कळायच्या आधी त्याला कळायचं.

मग माझी बदली झाली. चंद्रपूरला! तिकडच्या नोकरीतून बदली मिळणं म्हणजे काय, हे ज्यांनी तिथे पावसाळे काढलेत त्यांनाच ठाऊक. मी शेजारपाजारी पेढे वाटले. ह्यांनी दोन खोल्या बघून ठेवल्याची चिठ्ठी आली, आणि तिच्या शेवटी एक ओळ होती — घरमालकीण म्हणते, कुत्रं चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, दुसरी खोली बघायची. बघता आली असती. तुम्ही म्हणाल, कुणाजवळ ठेवायचं. तेही करता आलं असतं. आमच्या दवाखान्यात शेवंताबाई म्हणून आया होती, पलीकडच्याच टोल्यावर, म्हणजे पाचपंचवीस घरांच्या वस्तीत राहायची. तिला एकदा म्हटलं असतं तरी तिनं त्याला आनंदानं ठेवून घेतलं असतं. मग मी का नाही म्हटलं? कारण मग रेणूला सांगावं लागलं असतं. ती रडली असती, जेवली नसती, निघायच्या दिवशी त्याच्या गळ्यात हात घालून बसली असती. ती रडारड मला नको होती. मी थकले होते, आणि मला लवकर निघायचं होतं. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

निघायला चार दिवस उरले होते आणि मध्ये रेणूचा सातवा वाढदिवस आला. मे महिना, शाळेला सुट्टी. सकाळी मी शिरा केला, तिला ओवाळलं. तिनं माझ्या हातातून तबक घेतलं आणि बिस्कुटला ओवाळलं. त्याच्या कपाळाला कुंकूही लावलं. तो बिचारा शिऱ्याच्या वासानं स्तब्ध बसून होता.

शेवंताबाई आणि तिच्या घरची मंडळी त्या दिवशी तळ्यावर मासे धरायला जाणार होती. रेणूचा हट्ट होता, वाढदिवसाची सहल म्हणून तिकडेच जायचं. मी म्हटलं, जा. मला ड्यूटी आहे. आणि बिस्कुटला नेऊ नको, त्या वाटेला बिबट आहे. त्याला साखळीनं बांधून ठेव, अजिबात सोडू नको.

हे सगळं मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं — आणि मला ड्यूटी नव्हती.

आमच्या भागात कुत्रं नाहीसं झालं तर फारशी चौकशी होत नाही. बिबट्यानं नेलं म्हणतात, चार दिवस हळहळतात आणि दुसरं पिल्लू आणतात. मला हे फार सोयीचं वाटलं. बिबट्या काही साक्ष द्यायला येत नाही.

ती मंडळी गेल्यावर मी बाहेर आले, तर साखळी खांबाला नुसतीच लोंबत होती. बिस्कुट मोकळा, फाटकाशी बसलेला, वाटेकडे बघत. मी हातावर शिरा घेतला आणि त्याला हाक मारली. तो आला. रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. ओळखीचा ड्रायव्हर होता, अहेरीच्या पुढे त्याच्या भावाचं शेत होतं, राखणीला कुत्रं हवंच होतं. बिस्कुट जीपमध्ये चढेना. मी आधी चढून बसले, तेव्हा तो माझ्यामागे चढला. माझ्या हातावरचा शिरा त्यानं चाटून संपवला. मग मी दुसऱ्या बाजूनं उतरले. जीप निघाली तेव्हा कपाळावर कुंकू लावलेला तो कुत्रा मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होता. मी घरी येऊन हात धुतले.

संध्याकाळच्या आत रेणू आली, फ्रॉकला चिखल, हातात काडीला ओवलेले दोन मासे. बिस्कुटसाठी. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मी सांगायचं ते सांगितलं — दुपारी मी दवाखान्यात होते, आले तर तो नव्हता, बिबट्यानं नेलं असणार. साखळी तोडून गेला असेल, असंही मी म्हणणार होते. ते म्हणायची वेळच आली नाही.

ती पांढरी फटक पडली. मासे हातातच. म्हणाली, "आई, मी सोडलं होतं त्याले. रडून राह्यला होता ना तो. वाढदिवस होता ना माझा."

इथे थांबते जरा. कारण मला सांगायचं आहे ते हेच आहे. कुत्रा जीपमध्ये घातला, खोटं बोलले, हे वाईटच. पण तिथपर्यंत कदाचित मी तुमच्या नजरेला नजर देऊ शकले असते. सात वर्षांचं लेकरू समोर उभं राहून आपली चूक कबूल करत होतं — माझ्यासारखं पन्नास कारणं न देता. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ना, तशी मी त्यात शिरले. मी तिला म्हटलं, "सांगितलं होतं ना तुला, सोडू नको म्हणून?"

एवढंच वाक्य. मोठ्यानं नाही, रागावूनही नाही. दमल्या आवाजात, समजुतीनं. ती त्यावर रडली नाही. नुसती मान हलवली — हो, सांगितलं होतं.

मग शेजारची माणसं काठ्या घेऊन आली. तिकडे जनावर नेलं की फरफटल्याची खूण शोधतात, रक्त शोधतात, निदान गळपट्टा तरी. काहीच मिळेना. चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईनं पाण्याच्या टाकीजवळच्या ओल्या मातीकडे बोट दाखवलं. म्हटलं, हा बघा पंजा. शेवंताबाई खाली वाकली. बराच वेळ वाकून होती. तिचा जन्म जंगलात गेलेला. बिबट मांजराच्या जातीचं, चालताना नखं आत ओढून घेतं, मातीत नखं उमटत नाहीत. या पंजाला पुढं चार नखं स्पष्ट होती. तो बिस्कुटचाच पंजा होता! मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं जंगलात राहून मला एवढंही माहीत नव्हतं.

शेवंताबाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग रेणूकडे. आणि पायानं तो पंजा पुसत बाकीच्यांना म्हणाली, "हो. बिबटच होय."

दुसऱ्या दिवशी मी पेट्या भरत होते तेव्हा ती दोरी द्यायला आली. जाताना दारात थांबली.

"लेकराले खरं सांगून द्या, सिस्टरबाई. रडन दोन दिवस. त्या बिबट्यावर काऊन ढकलता?"

मी म्हटलं, दोरी अजून लागेल. ती दोरी आणायला गेली.

आम्ही चंद्रपूरला आलो. आठवडा झाला असेल, नव्या दवाखान्यात माझ्या नावानं फोन आला. शेवंताबाई एसटीडी बूथवरून बोलत होती, आयुष्यात पहिल्यांदा फोन लावला असावा, अशी ओरडत होती.

"बिस्कुट आलं ना वापस! तुमच्या पायरीवर बसून हाये. पाय फुटले त्याचे. जीपमधी पाठवून देऊ काय?"

अहेरीच्या पुढून आला होता तो. चालत. वैशाखाच्या उन्हात. आणि मी काय म्हटलं असेल? अजून वेळ होती. मी हो म्हणू शकत होते. रेणूला सांगता आलं असतं, बघ, बिबट्याच्या तावडीतून सुटून आला. म्हणजे खरं न सांगताही लेकरू सुटलं असतं! पण मला वाटलं, जीपचा ड्रायव्हर बोलेल, ह्यांना कळेल, घरमालकीण काढून टाकेल. मी म्हटलं, तुम्हीच ठेवून घ्या. ती म्हणाली, "येत नाई ना तो माह्याकडे. भाकर खाते आन् पुन्हा तुमच्या दारात जाऊन बसते." मी म्हटलं, सवय होईल हळूहळू. आणि पेशंट आलाय सांगून फोन ठेवला.

त्यानंतर दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी ड्यूटीवर नाही असं सांगायला लावलं. तिसऱ्यांदा आला नाही. पावसाळा संपल्यावर तिकडची एक नर्स ट्रेनिंगला भेटली, तिनं चहा पिता पिता सहज सांगितलं, क्वार्टरला कुलूप होतं तोवर एक कुत्रं पायरीवर बसून असायचं, पोळ्याच्या आसपास मेलं. मी तिला विचारलं, साखर कमी आहे का गं चहात?

रेणूनं त्यानंतर कधी वाढदिवस करू दिला नाही. पहिल्या वर्षी मी केक आणला तर ती म्हणाली, नको, त्या दिवशी बिस्कुट गेलं. पुढे कारणही सांगेना. ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. सगळ्या घरात एकटीच दोनदा-दोनदा कड्या बघणारी. गॅस बंद आहे का, फाटक लावलं का, मुलीचं बोट धरलंय का. लोक म्हणायचे, किती जबाबदार आहे हो तुमची मुलगी. मी म्हणायचे, लहानपणापासून तशीच आहे. पण ती तशी नव्हती. सहा वर्षांची असताना ती फाटकं उघडी टाकून गावभर हुंदडणारी पोर होती.

गेल्या रविवारी तिच्या मुलीचा, स्वराचा, पाचवा वाढदिवस झाला. लेकीचा वाढदिवस मात्र रेणू हौसेनं करते. जावयांनी गंमत म्हणून एका खोक्यात कुत्र्याचं पिल्लू आणलं. स्वरा टाळ्या पिटत नाचायला लागली. रेणू भिंतीला टेकली. म्हणाली, माझ्या घरात जनावर नको, माझ्या हातून एक गेलंय. स्वरानं भोकाड पसरलं, तेव्हा तिनं तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. मी समोर पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होते. आईनं सोडू नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, बिबट्यानं नेलं.

स्वरानं विचारलं, "मग आजी रागावली?"

"नाही गं. आजीनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. जवळ घेतलं."

मी जवळ घेतलं नव्हतं. तिला ते वाक्य आठवत नसेल, की आठवत असूनही लेकीसमोर माझी बाजू राखत असेल — मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. रेणूनं माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तिचे डोळे भरले होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. जावई होते, हे होते, सगळे आपलेच होते.

स्वरा मांडीवरून उतरली आणि माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, आजी, तू किती चांगली आहेस. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, चला, पुऱ्या गार होतायत.

संध्याकाळी जावई पिल्लू परत द्यायला निघाले. ते खोक्यात कुंईकुंई करत होतं. खोकं मीच उचलून त्यांच्या हातात दिलं.