मावशी हसली
वेताच्या खुर्च्या विणणारी ती संस्था अंधांची होती. विणणारे सगळे अंध, म्हणून तिच्या मालाला विक्रीकर माफ. खुर्ची बाजारापेक्षा स्वस्त पडायची, आणि कचेऱ्या डोळे झाकून मागणी नोंदवायच्या.

तिथे विणायला बसणाऱ्या एका बाईला सगळे मावशी म्हणत. लहानपणी गोवरात तिची दृष्टी गेली होती. इथल्याच एका विणकराशी तिचं लग्न झालं, आवारात खोली मिळाली. उतारवयात एका डॉक्टरांनी बुबुळ बदललं आणि तिला एका डोळ्याने दिसू लागलं.

"अहो, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात," ती नवऱ्याला म्हणाली.

"आधी काळ्या होत्या, हे कुणी सांगितलं तुला?" तो हसला. पण त्या दिवसापासून तिच्याकडे पाठ करून जेवू लागला.

संस्थेच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. "मावशी, एकही डोळस माणूस विणताना सापडला तर करमाफी जाईल. तपासणीला कुणी आलं की भिंतीकडे बघत बसायचं."

"मग मला दुसरं काम द्या."

"एका डोळ्याच्या म्हातारीला? कसलं?"

करखात्याचा निरीक्षक आला. मावशी भिंतीवरच्या ओलीच्या डागावर नजर लावून वेत ओढत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काही न बोलता नुसता हसला. आपल्याकडे बघून कुणी हसतंय, हे तिने पोरवयानंतर पाहिलंच नव्हतं. तीही हसली.

"बाईंना छान दिसतं की!" तो उठत म्हणाला.

माफी गेली. खुर्च्या महागल्या, मागणी आटली, निम्म्या विणकरांना घरी बसवलं. व्यवस्थापकांनी सगळ्यांना जमवून कुणामुळे हे झालं ते सांगितलं. पहिला बोलला तो नवराच. "खोली माझ्या नावावर आहे. तिला बाहेर काढा."

मावशी डॉक्टरांकडे गेली. "होतं तसं करून द्या." डॉक्टर पोट धरून हसले, आणि नर्सला बोलावून तेच पुन्हा म्हणायला लावलं.

एका फर्निचरच्या दुकानात तिला धूळ पुसायचं काम मिळालं. झोपायचंही तिथेच, मागच्या बाजूला.

पुढे नव्याने अर्ज करून संस्थेने माफी परत मिळवली. ते कळल्यावर मावशी संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहिली. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून समोरच्या टपरीवर चहाला बाहेर पडत होती. तिच्या बांगड्या किणकिणल्या तसा सगळ्यांच्या पुढे असलेला नवरा तिच्यापाशी थबकला.

"किती वेळ बघत उभी आहेस?"

"आत्ताच आले. अहो, आता तरी..."

त्याने काठी पुढे केली. ती तिच्या नडगीवर लागली. मावशी हलली नाही. मग त्याने काठी उचलून त्याच जागी जोरात हाणली, आणि मावशी बाजूला झाली.

"काही नाही रे, वाटेत काहीतरी होतं," तो मागच्याला म्हणाला, आणि रांग पुढे सरकली.